काढलेला तीळ फेकू नका

चुना आणि धुण्याचा सोडा ओला कालवून तिळावर लावायचा, मग खपली धरून तीळ गळून पडतो. हा उपाय आपल्या खेड्यापाड्यांत जुना आहे. तीळ पडतो हे खरं. चुना आणि सोडा यांच्या अभिक्रियेतून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो कातडी जाळतो, तिळाची आणि शेजारचीही. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे, तो तीळ नेमका काय होता हे सांगणारा पुरावाच जळून जातो.

तीळ म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या मेलानोसाइट पेशींचा पुंजका. बहुतेक तीळ चाळिशीच्या आत उगवतात आणि जन्मभर काही करत नाहीत. चाळिशीनंतर नवा उगवला, जुन्याचा आकार वा रंग बदलू लागला, रक्त आलं, तर मात्र दाखवायला हवा. मेलानोमा हा याच पेशींचा कर्करोग आपल्याकडे दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा तो बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो निघाला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी मार्ली गेला. वऱ्हाडातल्या अकोटच्या शिवारात अनवाणी राबणाऱ्या माणसाचा तळपायावरचा काळा डागही असाच काट्याच्या नावावर खपून जाऊ शकतो.

तीळ काढणं तसं लहान काम. सुई टोचून जागा बधिर करतात. सुईची आग होते तेवढीच. तीळ कापून टाके घालतात किंवा वरवर खरवडून घेतात. चेहऱ्यावरचे टाके साधारण आठवड्यात निघतात, पाठीचे आणि हातापायाचे दहा ते चौदा दिवसांनी. तोवर कापसाची गाठोडी उचलू नयेत, ताण आला की टाके उसवतात. रक्त आलंच तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं, मधे उघडून न बघता, दाबून धरावं. हळद, राख काही लावू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू आला, ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जावं.

व्रण राहतोच. तो आधी लालसर किंवा काळसर असतो आणि निवळायला कित्येक महिने लागतात. वऱ्हाडच्या उन्हात तो आणखी काळवंडतो, म्हणून दुपट्टा बांधावा. छाती आणि खांद्यावर कधी कधी जाड, खाजरा केलॉइड वाढतो. घरात कुणाला तो झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. खरवडलेल्या जागी रंग परत उमटू शकतो. तेव्हा आधी काढलेल्या तिळाच्या तपासणीचा रिपोर्ट हाताशी नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली साधा तीळही कर्करोगासारखा भासू शकतो.

लेझरने जाळलेल्या तिळाचीही तपासणी होत नाही. म्हणून शंका असलेला तीळ कापूनच काढावा. अकोटला सोय नसेल तर अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय फार लांब नाही. टेबलावर झोपण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: ‘तुकडा तपासणीला पाठवणार ना?’ आणि रिपोर्ट आला की तो जपून ठेवा.