आधी मजकूर, मग शुद्धलेखन

१८९६ साली इंग्लंडमधले डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चलाख, खेळात तरबेज. पण स्वतःचं ‘पर्सी’ हे नाव तो ‘प्रेसी’ असं लिहायचा आणि चूक त्याच्या लक्षातही यायची नाही. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. डिसलेक्सियाच्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी हे एक. सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडे अशा कितीतरी मुलांची बोळवण ‘तोंडी छान, लेखी कच्चा’ एवढ्या शेऱ्यावर होते.

खरं तर उपायाची वाट त्या शेऱ्यातूनच सापडते. लिहिताना आपण दोन कामं करत असतो. काय सांगायचं ते ठरवून त्याची वाक्यं जुळवणं हे पहिलं. ती वाक्यं अक्षरांत उतरवणं हे दुसरं. हात बसलेल्या माणसाचं दुसरं काम आपोआप होतं. डिसलेक्सिया असलेल्या मुलाला शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं जड जातं. एकेका शब्दापायी सगळं लक्ष खर्ची पडतं, तोवर वाक्याचा शेवट डोक्यातून निसटलेला असतो. मग मूल बिनचूक लिहिता येतील अशा चार सोप्या शब्दांवर भागवतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, याला काही सुचतच नाही. बुद्धीशी याचा काही संबंध नाही. म्हणून दोन्ही कामं शिकवायची, पण एका वेळी एकच.

मजकूर जुळवताना

निबंधाला बसण्याआधी मुलाला बोलू द्यावं. विषय ‘माझं गाव’ असेल तर गावाबद्दल ते जे सांगेल, ते फोनवर रेकॉर्ड करावं. नंतर ऐकत ऐकत प्रत्येक मुद्द्याची एक चिठ्ठी करावी. तिच्यावर एखादा शब्द किंवा चित्र पुरे. चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या की नदी आधी घ्यायची की जत्रा, हे हाताने हलवून ठरवता येतं. मग एका चिठ्ठीचं एक वाक्य. हा कच्चा खर्डा मोठ्यांनी लिहून घेतला किंवा फोनवर मराठीत बोलून टाइप केला तरी हरकत नाही, कारण विचार आणि शब्द मुलाचेच असतात. या टप्प्यावर शुद्धलेखनाबद्दल अवाक्षरही काढू नये.

देवनागरीतली अवघड वळणं

देवनागरी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, हा मोठा आधार आहे. तरी तिच्यात अडखळण्याच्या ठरावीक जागा आहेत. भ-म, घ-ध, थ-य यांच्यातला फरक एखाद्या गाठीचा किंवा वळणाचा. ‘कि’ म्हणताना क आधी येतो, कागदावर वेलांटी त्याच्या डावीकडे. ‘सूर्य’मध्ये र आधी ऐकू येतो, रफार मात्र य च्या डोक्यावर चढतो. शिवाय एकाच र ची किती रूपं: सूर्य, दऱ्या, चक्र, राष्ट्र!

इथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी घडवलेली पद्धत उपयोगी पडते: डोळे, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लावायचे. ताटात रवा पसरावा, ध्वनी मोठ्याने म्हणत अक्षर बोटाने गिरवावं. काही दिवस फक्त रफाराचे शब्द घ्यावेत: गर्दी, वर्ग, दर्जा. ते पक्के झाले की मगच ‘चक्र’कडे वळावं.

ऱ्हस्व-दीर्घाला कान फारसा कामाचा नाही, कारण रोजच्या बोलण्यात तो फरक क्वचितच ऐकू येतो. तिथे नियमाचा हात धरावा आणि शब्द जोडीने शिकवावेत: मूल-मुलाला, फूल-फुलाला, गरीब-गरिबाला. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावला तर हात दुखतो, नियम काही कळत नाही.

खर्डा तपासायचा तो ऐकून. कुणी वाचून दाखवावा किंवा फोनकडून वाचून घ्यावा. गळलेला शब्द डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सापडतो. एका फेरीत एकच गोष्ट पाहावी: आधी विरामचिन्हं, मग जोडाक्षरं, मग वेलांट्या-उकार. ऑफिसात अर्ज आणि ई-मेल लिहिताना धास्तावणाऱ्या मोठ्या माणसांनाही ही रीत तितकीच लागू पडते.

सवलत आणि तिची तयारी

महाराष्ट्रात १९९६ पासून डिसलेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. डिसग्राफिया (लिहिण्यातली अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत वाढीव तास नाकारला गेला, तेव्हा अशा सोयी हा कायदेशीर हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे शंका आली की आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि मग रीतसर मूल्यमापन करून प्रमाणपत्र मिळवावं; दहावीपर्यंत थांबू नये.

मात्र सवलत म्हणून लेखनिक मिळाला म्हणजे उत्तर आपोआप उतरत नाही. मुद्दे मनात लावून घेणं, पूर्ण वाक्य सांगणं, परिच्छेद कुठे मोडायचा ते सुचवणं, हे सगळं सरावानेच येतं. तो सराव परीक्षेच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवा.

शिक्षकांनी आणि पालकांनी एक बदल उद्यापासून करावा. निबंध तपासताना मजकुराचे गुण वेगळे आणि शुद्धलेखनाचे वेगळे द्यावेत, आणि पहिला शेरा मुलाने काय सांगितलं त्यावर लिहावा. आपलं म्हणणं कुणीतरी वाचतंय याची खात्री पटली, तरच ते म्हणणं नीट लिहिण्याचे कष्ट मूल मनापासून घेईल.