नाताळच्या घरगुती रोषणाईसाठी ध्वनियंत्रणा

नाताळच्या दिवसांत घराच्या दर्शनी भागावर व अंगणात केलेल्या विद्युत रोषणाईला संगीताची जोड देण्याची प्रथा विशेषतः अमेरिकेत रूढ आहे. अशा रोषणाईचे संगीत घराबाहेरील प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणाऱ्या साधनसंचास येथे ध्वनियंत्रणा म्हटले आहे. तिचे मुख्य प्रकार दोन : अंगणात बसवलेले उघड्यावरचे स्पीकर आणि मोटारीतील रेडिओवर संगीत ऐकवणारा अल्पशक्तीचा एफएम प्रक्षेपक. यंत्रणेची निवड करताना आवाज किती मोठा हवा, यापेक्षा तो कोणाला ऐकू जावा आणि कोणाला जाऊ नये, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

नाताळवृक्षावर विजेचे दिवे लावण्याचा पहिला प्रयोग १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे थॉमस एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरी केला. त्या वृक्षावर लाल, पांढरे व निळे असे ८० दिवे होते. संगणकाद्वारे दिव्यांची उघडझाप संगीताच्या तालाशी जुळवणे शक्य झाल्यावर घरगुती रोषणाईचे स्वरूप पालटले. ओहायो राज्यातील मेसन येथील कार्सन विल्यम्स या विद्युत अभियंत्याच्या सुमारे १६,००० दिव्यांच्या रोषणाईची चित्रफीत २००५ मध्ये आंतरजालावर सर्वत्र पसरली. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी संगीत एफएम प्रक्षेपकाद्वारे मोटारीतील रेडिओवर ऐकवले होते. तथापि, पाहण्यासाठी आलेल्या वाहनांच्या गर्दीमुळे परिसरात झालेल्या एका अपघाताच्या स्थळी पोलिसांना पोहोचणे कठीण झाले आणि विल्यम्स यांनी ती रोषणाई बंद केली. आवाजाचा प्रश्न सुटला तरी गर्दीचा प्रश्न उरतो, हे या प्रसंगातून दिसून आले.

ध्वनीचे गणित

मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. उलटपक्षी, ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. म्हणून लांबवर ऐकू जावे यासाठी शक्ती वाढवत नेणे हा महागडा आणि त्रासदायक मार्ग आहे.

समजा, घराच्या भिंतीवर लावलेल्या एकाच मोठ्या स्पीकरपासून रस्ता १६ मीटरवर आणि शेजाऱ्याची खिडकी ८ मीटरवर आहे. रस्त्यावर ६६ डेसिबल पातळी मिळवायची असेल, तर त्या खिडकीशी ती सुमारे ७२ डेसिबल होईल. म्हणजे प्रेक्षकापेक्षा शेजाऱ्यालाच संगीत अधिक मोठ्याने ऐकू येईल. याउलट लहान स्पीकर कुंपणालगत, प्रेक्षकांपासून २ मीटरवर ठेवल्यास तीच ६६ डेसिबल पातळी प्रेक्षकांना मिळते आणि स्पीकरपासून १६ मीटरवरील खिडकीशी ती सुमारे ४८ डेसिबलपर्यंत उतरते. त्यामुळे एका मोठ्या स्पीकरऐवजी प्रेक्षकांजवळ, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेले अनेक लहान स्पीकर श्रेयस्कर मानले जातात.

ध्वनीचा वेग हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. शून्य अंश सेल्सियस तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो. त्यामुळे ३० मीटर दूर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला दिव्याची उघडझाप दिसल्यानंतर संगीत साधारण ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येते व ताल चुकल्याचा भास होतो. ब्लूटूथ जोडणीतही स्वतंत्र विलंब असतो. म्हणून स्पीकरसाठी तारेची जोडणी अधिक भरवशाची असते.

स्पीकर व ॲम्प्लिफायर

उघड्यावरील स्पीकरची निवड करताना त्याच्या संरक्षण कवचाचा आयपी क्रमांक पाहिला जातो. यातील पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो. आयपी ४४ क्रमांकाचे साधन पाण्याचे शिंतोडे सोसते, तर आयपी ६५ क्रमांकाचे साधन धूळरोधी असून पाण्याच्या फवाऱ्यापुढेही टिकते. कर्ण्याचा आवाज दूरवर जातो. परंतु त्यात खालचे स्वर क्षीण असल्याने संगीतापेक्षा बोलण्यासाठी तो अधिक उपयुक्त असतो.

ॲम्प्लिफायर घरात किंवा गॅरेजमध्ये कोरड्या जागी ठेवून केवळ तारा बाहेर नेणे इष्ट असते. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण भार ४ ओहम आणि चार जोडल्यास २ ओहम होतो. घरगुती वापराचे अनेक ॲम्प्लिफायर इतका भार सोसू शकत नाहीत. स्पीकरची संख्या अधिक व तारा लांब असल्यास ७० व्होल्ट पद्धत वापरतात. तीत प्रत्येक स्पीकरला लहान रोहित्र असते आणि सर्व स्पीकरांसाठी निवडलेल्या वॅटांची बेरीज ॲम्प्लिफायरच्या क्षमतेपेक्षा काहीशी कमी ठेवावी लागते.

एफएम प्रक्षेपक

मोटारीतून येणाऱ्या प्रेक्षकांच्या काचा थंडीमुळे बंद असतात. त्यांच्यासाठी एफएम प्रक्षेपक अधिक सोयीचा ठरतो. यात आवाज मोटारीच्या आत ऐकू येतो, शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही आणि अंतरामुळे होणारा विलंबही टळतो. त्या भागात रिकामी असलेली कंप्रता शोधून ती अंगणातील फलकावर लिहिली जाते.

अमेरिकेतील संघीय दूरसंचार आयोगाच्या नियमावलीतील भाग १५ नुसार ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात विनापरवाना प्रक्षेपणाची तीव्रता ३ मीटर अंतरावर प्रतिमीटर २५० मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये. या मर्यादेत प्रक्षेपणाचा पल्ला साधारण २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर इतकाच असतो. बाजारात याहून कितीतरी अधिक शक्तीचे प्रक्षेपक मिळतात. मात्र ते विकत मिळतात म्हणून त्यांचा वापर वैध ठरत नाही.

सुरक्षितता व शेजारधर्म

बाहेरील साधनांना वीज देणाऱ्या जोडणीवर गळतीचा प्रवाह ओळखून वीजपुरवठा तोडणारे संरक्षक साधन आवश्यक असते. अमेरिकेतील अशी साधने सुमारे ५ मिलिॲम्पियर गळतीला पुरवठा तोडतात. तारांचे जोड जमिनीपासून उंच ठेवणे आणि पायवाट ओलांडणारी तार झाकणे हेही आवश्यक असते.

पादचाऱ्यांसाठी स्पीकर व मोटारींसाठी प्रक्षेपक अशी दुहेरी व्यवस्थाही केली जाते. अशा वेळी दिवे सुरू ठेवूनही स्पीकर लवकर बंद करता येतात, किंवा कळ दाबल्यावरच एक गीत वाजेल अशी योजना करता येते.

भारतातील नियम

महाराष्ट्रात व गोव्यात नाताळ, दिवाळी किंवा घरगुती गणेशोत्सवाच्या रोषणाईला संगीताची जोड देताना ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू होतात. त्यांनुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. खासगी जागेच्या हद्दीवर खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू देता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे. राज्य शासन सण-उत्सवांसाठी वर्षातून एकूण १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. एफएम प्रक्षेपणाविषयीची वर उल्लेखिलेली सवलत अमेरिकी कायद्यातील आहे. भारतात एफएम प्रसारणासाठी परवाना आवश्यक असतो.