हॅमस्टरचं घर: मजले नकोत, जमीन हवी

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी हॅमस्टर आलाय किंवा लवकरच येणार आहे. ज्यांना आत्ता ऐकता येत नाहीये, त्यांच्यासाठी सगळं इथे लिहून ठेवलंय.

दुकानात काय होतं बघा. हॅमस्टरसोबत आपल्या हातात एक छोटासा रंगीत पिंजरा ठेवला जातो. दोन मजले, शिडी, घसरगुंडी, सगळं असतं. दिसायला एकदम भारी! पण हॅमस्टरला ज्या दोन गोष्टी खरंच लागतात, त्याच नेमक्या त्यात नसतात: पसरट जमीन आणि उकरायला खोल थर.

का लागतात? कारण हा मुळात बिळात राहणारा प्राणी आहे. आपल्याकडे बऱ्याचदा मिळतो तो सोनेरी म्हणजे सीरियन हॅमस्टर. १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतात खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज मानले जातात. म्हणजे पिंजऱ्यात येऊन शंभर वर्षंही झाली नाहीत. उकरायची सवय जाणार कशी?

आता मापं. जर्मनीतल्या प्राणी-कल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने किमान १०० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच जागा सुचवली आहे. म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांबी. एवढा पिंजरा महाग पडतो, हे मान्य. पण माशांची जुनी मोठी काचेची टाकी चालते, अगदी गळकी असली तरी. वर फक्त जाळीचं झाकण करून घ्या, हवा खेळती राहिली पाहिजे.

त्यात भुशाचा थर टाकायचा. किती? चार बोटं नाही, निदान २० ते २५ सेंमी. बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सोनेरी हॅमस्टर १०, ४० आणि ८० सेंमी थरावर ठेवून पाहिले. १० सेंमीवाले पिंजऱ्याचे गज सगळ्यात जास्त कुरतडत होते. तेव्हा तुमचा हॅमस्टर रात्रभर गज चावत असेल, तर तो 'मस्ती' करत नाहीये. त्याला जागा कमी पडतेय. थरासाठी कागदाचं बेडिंग किंवा बिनवासाचा भुसा घ्या. देवदार किंवा पाइनचा सुगंधी भुसा नको, त्याचा श्वासाला त्रास होतो. कापूसही नको, धागे पायात अडकतात.

मग चाक. आडव्या दांड्यांचं घेऊ नका, पाय अडकतो. सलग पृष्ठभागाचं घ्या. सीरियनसाठी व्यास साधारण २८ सेंमी आणि बुटक्या जातींसाठी २० सेंमी. ओळखायची खूण सोपी आहे: धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे. पाठ वाकत असेल तर चाक लहान आहे.

बाकी सामान स्वस्तात होतं. लपायला लाकडी खोका, कुरतडायला लाकडाचा तुकडा (दात आयुष्यभर वाढतात ना!), पाण्याची बाटली आणि एका पसरट भांड्यात कोरडी, स्वच्छ वाळू. वाळूत लोळून तो अंग साफ करतो. त्याला पाण्याने आंघोळ घालू नका. आणि सीरियन असेल तर एका घरात एकच! 'एकटा पडेल बिचारा' म्हणून जोडीदार आणाल, तर मारामारी होईल, जीवही जाऊ शकतो.

आता आपल्या हवेचा प्रश्न. हॅमस्टरला २० ते २४ अंश बरं वाटतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काय होतं ते सांगायला नको. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे उष्माघात पटकन होतो. पिंजरा खिडकीच्या उन्हात, टीव्हीजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका. आत एक फरशी आणि आडवं ठेवलेलं मातीचं मडकं द्या, त्यात तो गारव्याला बसतो. दुपारी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवून ठेवा. पावसाळ्यात थर दमट होतोय का, बुरशी येतेय का, ते बघत राहा. साठवलेल्या दाण्यांना मुंग्या लागल्या तर आजीची युक्ती वापरा: स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

साफसफाई करताना सगळा थर एकदम फेकू नका. स्वतःचा वास गेला की तो बिथरतो. ओला झालेला भाग रोज काढा आणि बाकीचा थोडा थोडा बदला.

हॅमस्टर जगतो दोन-तीन वर्षं, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ याच चौकोनात. त्यामुळे बजेट कमी असेल तर खेळणी नंतर घ्या, जागा आधी. आणि तेवढी जागा घरात नसेलच, तर हॅमस्टर आत्ता आणू नका. थांबलात तर काही बिघडत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात!