सायकल चालविणाऱ्याचे नाव : नागपुरी मराठीतील एका शब्दकुलाचा विचार

नागपुरात रोज सायकलने कामावर जाणाऱ्या मनुष्यास मराठीत काय म्हणावे? प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे; कारण सायकलस्वार, सायकलपटू, सायकलवाला आणि अलीकडचा सायकलिस्ट असे चार शब्द आपणांस सहज आठवतात. परंतु ह्या शब्दांचा प्रत्यक्ष वापर तपासून पाहिला, तर हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, कळमन्याच्या बाजारात जाणारा हमाल किंवा धरमपेठेत घरकामासाठी येणारी स्त्री ह्यांपैकी कोणासही त्यांतील एकही शब्द नीट लागू पडत नाही, असे दिसून येते. वाहनाला नाव आहे, त्याच्या प्रत्येक भागाला नाव आहे, ते दुरुस्त करण्याच्या क्रियांनाही नावे आहेत; ते रोज वापरणाऱ्याला मात्र सर्वमान्य नाव नाही. ही उणीव कशी निर्माण झाली आणि तिचा परिणाम काय होतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम मूळ शब्दाकडे वळू. ‘सायकल’ हा शब्द इंग्रजीतून आला हे सर्वश्रुत आहे. इंग्रजीने तो ग्रीक ‘कुक्लोस’, म्हणजे वर्तुळ किंवा चाक, ह्या शब्दापासून घेतला. हा ग्रीक शब्द आणि संस्कृत ‘चक्र’ हे एकाच भारत-युरोपीय मुळापासून निघालेले आहेत. ‘चक्र’पासून प्राकृत ‘चक्क’ व त्यापासून मराठी ‘चाक’ सिद्ध झाले. तेव्हा ‘सायकलचे चाक’ असे आपण म्हणतो, त्या वेळी हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन भावंडांची आपण नकळत गाठ घालून देत असतो.

‘पायडल’ ह्या शब्दाची कथा याहूनही मनोरंजक आहे. इंग्रजी ‘पेडल’चे मराठी लोकांनी ‘पायडल’ केले, ते त्यात ‘पाय’ ऐकू आला म्हणून. परकी शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देण्याच्या ह्या प्रवृत्तीस लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि लोकव्युत्पत्ती बहुधा शास्त्रदृष्ट्या चुकीची असते. येथे मात्र ती योगायोगाने बरोबर ठरली आहे. ‘पेडल’च्या मुळाशी लॅटिनमधील पायाचा वाचक शब्द आहे, आणि तो संस्कृत ‘पाद’चा सगोत्र आहे. आपला ‘पाय’ त्या ‘पाद’पासूनच आला.

सायकल मराठीत स्त्रीलिंगी झाली ती ‘गाडी’च्या अनुकरणाने, असे मानावयास प्रत्यवाय नसावा. मोटार, बस, स्कूटर ह्या तिच्या मागून आलेल्या शब्दांनीही तेच लिंग स्वीकारले. ह्यावरून आरंभी सायकलची गणना निःसंशय ‘गाडी’ ह्या वर्गात होत होती, असे दिसते. ‘पायगाडी’ हा तिच्यासाठी एके काळी वापरात असलेला मराठी शब्द हेच सांगतो.

२

आता दुरुस्तीच्या टपरीकडे जाऊ. रस्त्याच्या कडेस पाण्याचे टोपले, हवेचा पंप आणि टांगलेल्या जुन्या ट्यूबा एवढ्या सामग्रीवर चालणारे हे दुकान भाषाभ्यासकाला समृद्ध क्षेत्र आहे. येथे इंग्रजी नामे आणि देशी क्रियापदे ह्यांचा संयोग होतो, आणि मराठीचे मराठीपण क्रियापदात टिकून राहते. मराठीत पंक्चर ‘काढतात’. ज्याप्रमाणे पायातला काटा काढावा, त्याप्रमाणे पंक्चर ही बाहेरून शिरलेली पीडा असून ती काढून टाकावयाची, अशी कल्पना ह्या प्रयोगामागे आहे. वाकड्या झालेल्या चाकाचा ‘आउट’ही असाच काढला जातो. हिंदीत मात्र पंक्चर ‘बनवतात’. तेथे ‘बनाना’ ह्या क्रियापदास दुरुस्त करणे हा अर्थ आहे. नागपूरच्या मराठीत हिंदीच्या सहवासाने हा अर्थ ‘बनवणे’ ह्या क्रियापदातही उतरला आहे. ‘सायकल बनवायला टाकली’ ह्या वाक्याचा अर्थ नागपुरात कोणासही चटकन कळतो. पुण्याचा मनुष्य क्षणभर विचारात पडेल.

हा सहवास आकस्मिक नाही. १९५६ साली झालेल्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड आणि त्यानंतरचा मध्यप्रदेश ह्या द्वैभाषिक प्रदेशाची राजधानी होती. कचेरी, बाजार आणि गिरणी ह्या तिन्ही ठिकाणी मराठी व हिंदी भाषक एकत्र येत. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातील मराठीस वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) नागपुरी बोलीची स्वतंत्र नोंद आहे. ‘तो सायकल चालवून राहिला आहे’ ही चालू क्रिया दाखविणारी रचना ह्या बोलीची खूणच होय. तिच्यात हिंदी ‘चला रहा है’चा साचा स्पष्ट ओळखू येतो. उंच सायकलीवर पाय पोचत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून चालविणाऱ्या मुलाच्या पद्धतीस ‘कैची’ म्हणतात. बेअरिंगमधील गोळ्यांना बंदुकीच्या शब्दसंग्रहातून ‘छर्रे’ हे नाव मिळाले आहे. हे शब्द मराठी-हिंदीची सीमा मानीत नाहीत. ते बहुतेक शब्दकोशांत आढळणार नाहीत, परंतु हाताने काम करणाऱ्यांच्या भाषेत ते पक्के रुजलेले आहेत.

३

वस्तूच्या नावांची ही समृद्धी एकीकडे असताना दुसरीकडे सायकलची एक पदावनती घडून आली आहे, आणि तीही शब्दांतच नोंदली गेली आहे. ‘पायगाडी’ हा शब्द मागे पडला. ‘दुचाकी’ हा शब्द रचनेने पाहता सायकलला पूर्णपणे लागू पडतो; परंतु आज ‘दुचाकीला अपघात’ असे वाचले असता कोणाच्याही डोळ्यांपुढे स्कूटर किंवा मोटारसायकलच येते. ‘गाडी’ ह्या व्यापक शब्दातूनही सायकल बाहेर पडली आहे. ‘गाडी आणली आहे का?’ ह्या प्रश्नास ‘नाही, सायकलने आलो’ असे उत्तर आज कोणासही विसंगत वाटत नाही. ज्या वर्गाकडून तिला लिंग मिळाले, त्या वर्गातच तिला आता स्थान नाही.

शब्दाचा अर्थ वाहनाच्या मागोमाग कसा सरकतो ह्याचे नागपुरातील उत्तम उदाहरण ‘रिक्षा’ हे होय. हा शब्द जपानी ‘जिनरिकिशा’चे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ ‘मनुष्यबलाने चालणारी गाडी’ असा आहे. पुण्यामुंबईत सायकलरिक्षा रुजली नाही. त्यामुळे तेथे रिकामा असलेला हा शब्द इंजिनाच्या तीनचाकीकडे गेला. नागपुरात मात्र सायकलरिक्षा दीर्घकाळ रस्त्यांवर असल्यामुळे ‘रिक्षा’ ही जागा व्यापलेली होती, आणि नवीन वाहनास ‘ऑटो’ हे वेगळे नाव घ्यावे लागले. विदर्भातील मनुष्य पुण्यात ‘ऑटो’ म्हणतो आणि तेवढ्यावरून ओळखला जातो. जे वाहन माणसांच्या नित्य व्यवहारात आहे, ते आपला शब्द सहजी सोडीत नाही, हा ह्यातून निघणारा नियम होय. मग प्रश्न असा उरतो की, सायकलही नित्य व्यवहारात असताना तिच्या स्वाराला नाव का नसावे?

४

त्या चार शब्दांचा क्रमाने विचार करू. ‘सायकलस्वार’ ह्यातील ‘स्वार’ फारसी ‘सवार’पासून आलेला असून तो मुळात घोडेस्वाराचा शब्द होय. ‘टांग मारणे’ हा सायकलवर चढण्याचा शब्दप्रयोगही त्याच परंपरेत शोभतो. भोसल्यांच्या राजधानीत हा शब्द परका वाटू नये. परंतु बोलण्यात ‘मी सायकलस्वार आहे’ असे कोणी म्हणत नाही. हा छापील भाषेचा शब्द आहे, आणि वर्तमानपत्रांत तो मुख्यतः अपघाताच्या बातमीत येतो. रोज सायकल चालविणाऱ्यास हे नाव बहुधा तो पडल्यावर मिळते.

‘सायकलपटू’ हा शब्द क्रिकेटपटू, कुस्तीपटू ह्यांच्या रांगेतील. त्यातील ‘पटु’ म्हणजे निपुण. नागपुरात हा शब्द सार्थ करणारी माणसे आहेत. डॉ. अमित समर्थ ह्यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने पूर्ण केली, आणि २०१८ साली रशियातील त्याहून लांब अशी सैबेरियापारची शर्यतही पुरी केली. त्यांच्यासारख्यांच्या उदाहरणाने पहाटे निघणाऱ्या हौशी मंडळींचे गट वाढले. ‘ब्रेव्हे’ हा फ्रेंच शब्दही त्यांच्याबरोबर मराठीत आला : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करावयाचे, अशी ह्या प्रकारातील रीत आहे. ‘सायकलिस्ट’ हा चौथा शब्दही बहुधा ह्याच मंडळींचा. ‘राइड’, ‘हेल्मेट’, ‘गिअर’ ही त्यांची परिभाषा टपरीवरील ‘छर्रे’ आणि ‘कैची’ ह्यांच्यापासून दूर आहे. सायकलला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय ह्या मंडळींना दिलेच पाहिजे. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असता, दुपारच्या पाळीसाठी डोक्याला दुपट्टा बांधून निघणारा कामगार ‘पटू’ नव्हे. त्याला वेळ निवडता येत नाही आणि अंतरही निवडता येत नाही.

राहिला ‘सायकलवाला’. त्याने सायकल विकणारा, दुरुस्त करणारा किंवा सायकलवरून माल विकणारा सूचित होतो. म्हणजे एका शब्दाने अपघातग्रस्त, दोहोंनी खेळाडू आणि एकाने व्यावसायिक असा बोध होतो. चौकात मागून येणारा मोटारवाला तर ‘ए सायकल!’ एवढेच म्हणतो, आणि माणसाचे नाव वाहनाच्या नावात लुप्त होते.

येथे एक शंका संभवते. प्रत्येक क्रियेच्या कर्त्यास स्वतंत्र नाम असलेच पाहिजे असे कोठे आहे? ‘सायकलने जाणारा’ असे कृदंत मराठीला उपलब्ध असताना उणीव कोणती? शंका रास्त आहे. परंतु पायी जाणाऱ्याशी तुलना करून पाहावी. त्याला ‘पादचारी’ हा तटस्थ शब्द आहे. त्यात खेळ नाही, व्यवसाय नाही, दैन्यही नाही. त्यावरून ‘पादचारी मार्ग’, ‘पादचारी पूल’ अशी पदे सिद्ध होतात आणि ती नियमांत, अंदाजपत्रकात व फलकांवर येऊ शकतात. पादचारी मार्ग मोकळे असतात असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु ते अडविले गेले तर तक्रार कोणाच्या नावाने करावयाची, हे तरी ठरलेले असते. शासकीय परिभाषेत सायकलची गणना ‘मोटारविरहित’ वाहतुकीत होते. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यास महत्त्व द्यावे असे म्हटले आणि ह्या वाहतुकीस उत्तेजन दिले, ही गोष्ट स्तुत्य होय. तथापि जे नाव अभावाने सिद्ध होते, ते स्वारापर्यंत पोचत नाही.

५

ह्या विवेचनाचा व्यावहारिक भाग शेवटी सांगावयाचा आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद झाली. त्याच जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना कामाच्या ठिकाणी जाण्याचे साधन विचारण्यात आले. त्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांनी सायकल सांगितली. हे प्रमाण मोपेड, स्कूटर व मोटारसायकल ह्यांच्या एकत्रित प्रमाणाच्या जवळपास होते. प्रश्नाच्या रचनेकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे. ‘आपण कशाने जाता?’ असे विचारल्यामुळे ही माणसे मोजली गेली. ‘आपण सायकलिस्ट आहात काय?’ असे विचारले असते, तर त्यांतील बहुतेकांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर दिले असते.

केंद्र शासनाने २०२० साली शहरांत सायकल रुजविण्यासाठी ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ हा उपक्रम सुरू केला आणि २०२१ साली निवडलेल्या ११ शहरांत नागपूरचा समावेश झाला. अशा उपक्रमांत मार्ग कोठून न्यावा, दिवे कोठे लावावेत, हे ठरविण्यापूर्वी लोकांस प्रश्न विचारले जातात. ते नामाच्या आधारे विचारले, तर तलावाकाठी पहाटे फिरणारे उत्तर देतील. क्रियापदाच्या आधारे विचारले, तर पाळीवर जाणारेही देतील. दोन्ही उत्तरांतून निघणारे रस्ते वेगळे असतील.

नवा शब्द घडवून ही उणीव भरून काढावी, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. समित्यांनी घडविलेले शब्द टपरीवर टिकत नाहीत. नाव जेव्हा मिळेल तेव्हा ते रस्त्यावरूनच मिळेल. तोपर्यंत प्रश्नावल्या तयार करणाऱ्यांनी ‘कोण’ ह्याऐवजी ‘कशाने’ हा प्रश्न विचारावा, आणि आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी महालापासून सीताबर्डीपर्यंतच्या टपऱ्यांवरील शब्द वेळीच टिपून ठेवावेत. त्या शब्दांचे जाणकार वृद्ध होत आहेत, आणि एकदा टपरी उठली की तिच्या भाषेची नोंद घेण्यास दुसरे ठिकाण नाही.