बेलफास्टमधील आयरिश भाषा : शाळेआधी शेजार

एखादी भाषा किती जणांना येते आणि ती कोठे कोठे बोलली जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समाजभाषाविज्ञानात दुसऱ्या प्रश्नासाठी 'भाषावापराची क्षेत्रे' ही संकल्पना वापरतात. घर, शेजार, शाळा, बाजार, कार्यालय ही अशी क्षेत्रे होत. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहराच्या उदाहरणावरून ती आपण समजून घेऊ.

आयरिश ही केल्टिक कुळातील भाषा आहे. ती परंपरेने घरोघर बोलली जाते त्या प्रदेशांना 'गेल्टॅख्ट' म्हणतात. ते बहुतांशी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे आहेत. बेलफास्ट मात्र जहाजबांधणी आणि लिनन कापडाचे, इंग्रजी बोलणारे शहर. या शहराच्या पश्चिम भागात काही तरुण दांपत्यांनी आपली मुले आयरिशमध्ये वाढवायचे ठरवले. या दांपत्यांची स्वतःची मातृभाषा इंग्रजी होती. आयरिश त्यांनी प्रौढपणी कष्टाने आत्मसात केली होती, हे येथे विसरू नये. त्यांनी आधी शाळा काढली नाही. पैसे जमवून त्यांनी शॉज रोड येथे जमीन घेतली, शेजारी शेजारी घरे बांधली आणि १९६९ मध्ये ती तेथे राहावयास गेली. मूल अंगणात उतरले तरी कानावर आयरिशच पडावी, हा त्यामागील विचार. एकट्या घराला हे साधले नसते.

शाळा नंतर आली. १९७१ मध्ये नऊ मुलांनिशी ती सुरू झाली. सरकारी मान्यता नसल्याने पालकांनी वर्गण्यांवर ती चालवली. अनुदान १९८४ मध्ये मिळाले. १९९१ मध्ये माध्यमिक शाळा निघाली. त्याच वर्षी फॉल्स रोडवरील एका जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या इमारतीत सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. त्यामुळे पुस्तके घेणे, चहा पिणे, नाटक पाहणे अशी प्रौढांची क्षेत्रेही आयरिशला लाभली.

आयरिश ही केवळ कॅथलिक राष्ट्रवाद्यांची भाषा, असा समज बेलफास्टमध्ये रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाही. या केंद्राला ज्यांची नावे दिली आहेत त्यांपैकी रॉबर्ट मॅकअ‍ॅडम हे एकोणिसाव्या शतकातील प्रेस्बिटेरियन उद्योजक. आयरिश हस्तलिखितांचे ते संग्राहक होते. आज पूर्व बेलफास्टमधील न्यूटाउनार्ड्स रोड या प्रॉटेस्टंट वस्तीतही प्रौढांसाठी आयरिशचे वर्ग चालतात.

२०२२ च्या कायद्याने उत्तर आयर्लंडमध्ये आयरिशला अधिकृत मान्यता मिळाली. कार्यालय हे क्षेत्र त्यामुळे काहीसे खुले झाले. घराचे तसे होत नाही. आयरिश माध्यमाच्या शाळांतील बहुसंख्य मुले इंग्रजी बोलणाऱ्या घरांतून येतात, आणि शाळा सुटल्यावर ती तेथेच परततात. शॉज रोडवरील मुलांना मात्र शाळेतून घरी जाताना भाषा बदलावी लागत नव्हती.