कापूस आपल्या वावरातला, मग लेकराच्या अंगावर पॉलिस्टर कशाला? बाळाचे रोजचे कपडे असे निवडा

मूर्तिजापूर (ग्रामीण) : मागच्या मे महिन्यात माझ्या पुतणीच्या बाळाचं बारसं होतं. दुपारचे साडेबारा वाजलेले, घरावर टिनाचे पत्रे, बाहेर ऊन असं की पाय ठेववत नव्हता. बारा दिवसांचं लेकरू पाळण्यात. अंगात चमकीची जाळी लावलेला झगा, डोक्यावर मखमली टोपरं, हातमोजे, पायमोजे आणि वरून गुंडाळलेली लोकरी शाल. लेकरू रडून रडून लाल झालं. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे पोट दुखून राहिलं. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, तरी रडणं थांबेना.

तेवढ्यात आमच्या गावच्या आशाताई आल्या. त्यांनी पहिले शाल काढली, मग टोपरं, मोजे आणि झगा. पाठीवर घामोळ्यांचा नुसता थर. थर्मामीटर लावला तर पारा १०० च्या वर. आजी म्हणाली, "अवं ताई, लेकराले थंडी वाजंन ना!" ताई म्हणाल्या, "आजी, तुम्ही लुगड्यात घामाघूम होऊन राहिल्या, अन् लेकराले थंडी कशी वाजंन?" एक पातळ सुती झबलं घातलं, आईनं पाजलं. अर्ध्या तासानं पुन्हा ताप मोजला, तर उतरला होता. ताप उतरला नसता तर थेट दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, कारण महिन्याच्या आतल्या बाळाचा ताप घरी बसून पाहत राहण्यासारखा नसतो.

त्या दिवशी मला वाटलं की यावर लिहायला पाहिजे. आपण कापूस पिकवणारी माणसं. इंग्रजांच्या काळात लिव्हरपूलच्या बाजारात इकडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. आणि आपल्याच लेकरांच्या अंगावर बाजारातलं चमकणारं पॉलिस्टर. यात हौस आहे, प्रेमही आहे. पण कपडा बाळाला सोसला पाहिजे, ही पहिली गोष्ट.

बाळाचं अंग आपल्यासारखं नसतं

मोठ्या माणसाला गरम झालं तर तो बनियन काढतो, थंडी वाजली तर घोंगडी घेतो. बाळाला हे करता येत नाही. नवजात बाळाचं अंग लवकर थंड पडतं आणि लवकर तापतंही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं बाळाच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर ते ९७.७ ते ९९.५ येतं. त्याच्या खाली गेलं तर बाळ गार पडू लागलं, वर गेलं तर तापलं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला याचा धोका जास्त.

घरी थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूनं बाळाचं पोट आणि तळपाय पाहा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण तळपाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजत आहे, कपडा वाढवा किंवा आईच्या छातीशी घ्या. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर वेळ घालवू नका, बाळाला छातीशी घेऊन दवाखाना गाठा. मान आणि पाठ घामेजली असेल तर कपडे जास्त झाले, एक थर काढा.

उन्हाळ्यात काय, हिवाळ्यात काय

अकोला-अमरावतीचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पारा ४४-४५ च्या घरात जातो. अशा दिवसांत घरात असलेल्या बाळाला एक पातळ सुती झबलं आणि लंगोट पुरतो. मलमल किंवा धुवून मऊ झालेलं सुती कापड सगळ्यात चांगलं. वजनानं चांगल्या बाळाला पहिले काही दिवस झाले की भर उन्हाळ्यात घरात टोपी आणि मोज्यांची गरज नसते. बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यातून बाहेर जाते, ती वाट कशाला बंद करायची? कूलर लावा, पण त्याचा झोत सरळ पाळण्यावर येऊ देऊ नका. अंगावरचं झबलं दमट झालं तर लगेच बदला.

हिवाळ्यात गोष्ट उलटी. चिखलदरा आणि धारणीकडे डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी असते, वावरातल्या घरातही पहाटे गारठा असतो. तेव्हा एकच जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाला. थरांमध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते. दुपारी ऊन पडलं की एक थर काढता येतो. सोपा हिशेब म्हणजे आपल्याला जेवढे कपडे लागतात, त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. अंगाला लागून सुती, त्यावर लोकरीचं. लोकर थेट अंगावर टोचते. थंडीत टोपरं किंवा कुंची, पायात मोजे हवेतच.

बाळ जन्मल्या जन्मल्या कोरडं पुसून आईच्या छातीशी द्यायचं आणि वरून दोघांना पांघरायचं. आंघोळ निदान २४ तास तरी घालायची नाही. कमी वजनाच्या बाळाला तर कपड्यापेक्षा आईच्या कातडीची ऊब मोठी. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला फक्त टोपरं, मोजे आणि लंगोट, आणि ते आईच्या उघड्या छातीवर. आई थकली तर बापानं घ्यावं. यात लाज कसली?

कापड ओळखायचं कसं

दुकानदार सगळ्याच कपड्याला 'प्युअर कॉटन' म्हणतो. आधी कपड्याच्या आतली पट्टी वाचा. पट्टी नसेल तर घरी आल्यावर शिलाईच्या आतून दोन-चार धागे काढा आणि बाळापासून दूर, अंगणात, चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि राख बोटानं चुरता येते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि काळी कडक गोळी तयार होते.

ही गोळी आणखी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे बाळंतिणीला आणि लेकराला शेक देण्यासाठी बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत अजून बऱ्याच घरात आहे. ठिणगी उडाली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. सुती कपडाही पेट घेतो. म्हणून बाळाजवळ विस्तव नकोच. शिवाय बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीत जातो. ऊब द्यायला आईची कूस आणि कोरडे कपडे पुरेसे आहेत.

शिलाई पाहा, किंमत नंतर

रोजच्या कपड्यात या गोष्टी पाहा :

- समोरून किंवा बाजूनं उघडणारं झबलं घ्या. डोक्यातून ओढून घालायचा कपडा मान न धरणाऱ्या बाळाला त्रासाचा होतो.
- गळ्याशी लांब नाड्या नको. त्या गळ्याभोवती अडकू शकतात. बाजूच्या बंदाची नाडी बोटभर ठेवून बाकीची कापून टाका. टोपऱ्याची नाडी झोपताना सोडा.
- मणी, टिकल्या, सैल गुंड्या नको. लेकरू तीन-चार महिन्यांचं झालं की हातात येईल ते तोंडात घालतं.
- सेफ्टी पिन नको. लंगोटाला गाठ किंवा बंद.
- मांडीला आणि पोटाला इलॅस्टिकचा वळ उठत असेल तर तो कपडा लहान झाला.
- मोजे घालायच्या आधी उलटे करून पाहा. आतला सुटा धागा किंवा आईचा केस बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजून काळं पडू शकतं. लेकरू कारण नसताना रडत असेल तर बोटंही तपासा.
- करदोडा घालत असाल तर सैल. बाळ आठवड्याला वाढतं, दोरा वाढत नाही. गळ्यात मात्र काळा दोरा किंवा ताईत बांधू नका.

किती कपडे लागतात

बाळ पहिल्या तीन महिन्यांत झपाट्यानं वाढतं. म्हणून अगदी मापाचे कपडे ढीगभर घेऊ नका, एक माप मोठं घ्या. आमच्या घरचा अनुभव सांगतो. सहा-सात झबली, वीस-पंचवीस लंगोट, चार-पाच दुपटी, दोन टोपरी, दोन जोड मोजे आणि हिवाळा असेल तर दोन स्वेटर. एवढ्यात भागतं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा लंगोट दहा जास्त ठेवा.

आपल्या आज्या जुन्या लुगड्याची, धोतराची बाळुती करायच्या. काही घरात पाचवीपर्यंत लेकराला नवा कपडा घालतच नाहीत. त्यामागे कोणी काही सांगो, पण शंभर वेळा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं, हे खरंच आहे. फक्त ते गरम पाण्यानं धुवून, कडक उन्हात वाळवून घ्या. नवा कपडाही धुतल्याशिवाय बाळाला घालू नका. त्याला खळ आणि रंग असतो.

डायपर वाईट नाही. प्रवासात, रात्री कामाचा आहे. पण एकच डायपर दिवसभर ठेवला की जांघेत लाल चट्टे येतात. भरला की बदला आणि दिवसातून काही वेळ बाळाला मोकळं ठेवा.

धुणं आणि ठेवणं, इथं खरा धोका

आता जे सांगतो ते आपल्या वऱ्हाडासाठी सगळ्यात महत्त्वाचं. कपाशीवर फवारणी चालू असते तेव्हा फवारणीचे कपडे आणि बाळाचे कपडे एका बादलीत, एका टबात धुऊ नका. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलो नाही. जे औषध धडधाकट माणसाला झेपत नाही, त्याचा अंश तीन किलोच्या लेकराच्या झबल्यात कशाला? फवारणीचे कपडे वेगळे धुवा, वेगळ्या दोरीवर वाळवा. बाळाची दुपटी वावराच्या धुऱ्यावर, कुंपणावर वाळत घालू नका. आणि बाबा लोकांनो, फवारून आलात तर आधी आंघोळ, कपडे बदला, मगच लेकराला घ्या. कितीही घ्यावंसं वाटलं तरी.

दुसरी गोष्ट पेटीतल्या कपड्यांची. पहिल्या लेकराचे स्वेटर, गोधड्या आपण डांबरगोळ्या टाकून ठेवतो आणि दुसऱ्याच्या वेळी तशाच काढतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतः कमी असतो. अशा बाळाला डांबरगोळीच्या वाफेनं रक्तातल्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळात तो कमी आहे हे पाहून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नका. वाळलेला कडुलिंबाचा पाला चालतो. आधीच ठेवली असेल तर कपडे धुवून, दोन-तीन दिवस उन्हात टाकून, वास गेल्यावरच वापरा.

गाडीवर नेताना

मोटारसायकलवर लसीकरणाला नेताना बाया लेकराचं तोंड पदरानं गच्च झाकतात. धूळ-ऊन लागू नये ही काळजी बरोबर, पण नाक झाकलं की श्वास कोंडतो. दुपट्यानं डोकं झाका, नाक-तोंड उघडं ठेवा, दर थोड्या वेळानं पाहा. उन्हाळ्यात सकाळीच निघा.

कोणाला विचारायचं

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरीच झालं तर पहिल्या दिवशीही. घरी जाऊन बाळ तपासायची ही रीत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि पुढे देशानं उचलली. ताई आल्या की बाळाचे कपडे काढून तपासू द्या, "आत्ताच झोपलं" म्हणून परत पाठवू नका. राज्य सरकारनं २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी बेबी केअर किट सुरू केली होती. त्यात कपडे, थर्मामीटर, मच्छरदाणी असं सामान होतं. सध्या आपल्या गावात मिळते का, हे अंगणवाडी सेविकेला विचारा.

बाळ गार पडलं, तापलं, दूध ओढेना किंवा मलूल पडलं तर कपड्यांचा विचार सोडा आणि १०२ किंवा १०८ ला फोन लावा.

पुतणीचं लेकरू आता रांगतं. त्याचा तो चमकीचा झगा एका फोटोपुरता घातला गेला, आता पेटीत पडून आहे. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी मात्र अजून रोज दोरीवर दिसतात. बारशाला बाळंतविडा नेणार असाल तर चार सुती झबली न्या. फोटोत कमी चमकतील, पण लेकरू रडणार नाही.