जुवाखालचा विसावा

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात येशू ख्रिस्त थकल्या-भागलेल्यांना विसाव्याचे आश्वासन देतो. पण त्याच वेळी आपले जू खांद्यावर घ्यायलाही सांगतो. विसावा आणि जू एकत्र कसे? जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हे कोडे पडू नये. जू दोघा बैलांचे असते. जोडीदार भक्कम असला की ओझे तेच राहूनही जाच कमी होतो.

याच पुणे जिल्ह्यातील केडगावच्या पंडिता रमाबाईंचे चरित्र हा अर्थ उलगडून दाखवते. दुष्काळात त्यांचे आई-वडील व बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती निवर्तले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही मन स्वस्थ नव्हते. आपल्याला धर्म गवसला होता, ख्रिस्त मात्र नव्हे, अशी कबुली त्यांनी १९०७ मधील आत्मनिवेदनात दिली आहे. सुमारे आठ वर्षांनी, स्वतःच्या पुण्याईवरची भिस्त सोडून कृपेवर विसंबल्यावर त्यांना शांती लाभली.

त्यानंतर काम वाढतच गेले. १८९६-९७च्या दुष्काळातील निराधार मुली व विधवांना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आसरा दिला. पुढे हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी रमाबाईंचेही निधन झाले.

ओझे एकट्याने वाहायचे नाही, हा भरवसा म्हणजेच या श्रद्धेतला विसावा.